सरकी मालकाची

उकंडराव, त्यांचे चिरंजीव संपतराव, त्यांचे चिरंजीव पुंडलिकराव, आणि पुंडलिकरावांमागून त्यांची पत्नी, म्हणजे मी. नेरच्या आमच्या जिनिंग फॅक्टरीचा कारभार या क्रमाने चालत आला. पहिल्या तिघांच्या तसबिरी कचेरीत टांगलेल्या आहेत. माझी अद्याप टांगलेली नाही, याचे कारण मी जिवंत आहे, एवढेच. सन एकोणीसशे साठ साली फॅक्टरी सहकारी सोसायटीच्या स्वाधीन केली, तेव्हा सभासदांनी अध्यक्षपद मलाच दिले. मी ते मागितले नव्हते. मात्र दुसऱ्या कोणी मागितले असते तर ते मला रुचले नसते, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

त्या तीन तसबिरींच्या शेजारी चौथी एक आहे, आणि ही हकीकत तिच्यापासून निघते. सन एकोणीसशे चार साली उकंडरावांनी विलायतेहून बॉयलर मागविला. तो धामणगावच्या स्टेशनावर उतरला आणि तिथेच बसून राहिला, कारण पुढे नेरपर्यंत रूळ नव्हते. तो बैलांनी ओढून आणण्याचे काम तांड्याच्या लालसिंग नाईकांनी पत्करले. बंजाऱ्यांच्या बैलांनी पिढ्यान् पिढ्या मुलखाचे मीठ आणि धान्य वाहिले होते. बॉयलर त्यांनाही नवाच. उकंडरावांनी विचारले, "दर वजनावर सांगता, की कोसावर?" लालसिंग म्हणाले, "वजन बैल पाहून घेतीन, कोस पाय पाहून घेतीन. मी नाले मोजतो."

वाटेत पाच ठिकाणी पाणी ओलांडायचे होते. चार नाल्यांचे रोख ठरले. पाचवे पाणी बेंबळा नदीचे. त्याचे पैसे लालसिंगांनी घेतले नाहीत. "त्याच्या बदल्यात बॉयलरासंगं माझी एक तसबीर काढून द्या," असे ते म्हणाले आणि उकंडरावांनी त्यांच्या हातावर हात मारला. बॉयलर बावीस दिवसांनी आला. अमरावतीहून फोटोवाला आला. त्या तसबिरीत उकंडराव आहेत, टोपीवाला साहेब आहे, आमच्या घराण्यातले नऊ पुरुष आहेत, आणि ज्यांचे तिथे तीळमात्र काम नव्हते असे एक व्याही आहेत. उजव्या कडेला एका बैलाचे एक शिंग आलेले आहे. शिंगामागे बैल होता आणि बैलामागे लालसिंग. फोटोवाल्याने सांगितले की फोटो उतरवायची काच आता शिल्लक नाही.

उकंडराव म्हणाले, पुढच्या खेपेस. संपतराव म्हणाले, पाहू. आमचे यजमान म्हणत, राहून गेले खरे. लालसिंगांचे चिरंजीव देवसिंग बारा वर्षांचे असताना त्या बैलांबरोबर चालत आले होते. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. दरसाल दसऱ्यानंतर पहिल्या कपाशीची गाडी ते घेऊन येत, कचेरीत त्या तसबिरीसमोर उभे राहत आणि मला म्हणत, "बाई, शिंग आलं. आता मानूस येऊ द्या." मी हसून चहा मागवीत असे. चहा येई, निवे, आणि देवसिंग तो न पिता उठत. "फोटू निंघाल्यावर पेईन," एवढेच बोलत. असे निवलेले चहाचे नऊ कप माझ्या एकटीच्या कारकिर्दीत परत गेले आहेत. घराण्याच्या माथ्यावरचे ऋण चहाने फिटत नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. पण कळणे आणि फेडणे यांत आमच्या घराण्याने साठ वर्षे घालविली होती.

चौसष्ट सालच्या जानेवारीत यवतमाळच्या कृषी प्रदर्शनाचे पत्र आले. ज्या संस्थांना आपले कार्य चित्रफितीद्वारे दाखवायचे असेल, त्यांनी फीत आणावी, पडदा मिळेल. त्याच आठवड्यात कोणी तरी बातमी आणली की मारेगावकडची एक सोसायटी चित्रफीत काढते आहे. आमच्या संचालकांना हे ऐकून जो ज्वर चढला, तो कपाशीचा भाव पडल्यावरही कधी चढला नव्हता. सर्वसाधारण सभा भरली. संचालक भगवानराव हे शब्दाला शब्द जोडण्यात पटाईत. त्यांनी अर्धा तास भाषण करून असा निष्कर्ष काढला की चित्रफितीवाचून सहकार अपूर्ण आहे.

"खर्च किती?" मागून कोणी विचारले.

भगवानरावांनी माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यात कधी "चौकशी करून सांगते" असे म्हटलेले नाही. मी म्हणाले, "तीन हजार. त्यावर एक नवा पैसा गेला, तर मी अध्यक्षपद सोडीन."

टाळ्या झाल्या. तीन हजार हा आकडा मी कुठून आणला, हे मला आजवर उमगलेले नाही. टाळ्या ओसरल्यावर देवसिंग काठी टेकीत उभे राहिले. "बाई, त्या पिच्चरमंधी आमचा फोटू निंघन काय?"

सगळी सभा वळून माझ्याकडे पाहू लागली. "निघेल," मी म्हणाले. "बॉयलरासोबत निघेल. हा माझा शब्द."

म्हणजे एकाच दुपारी मी दोन शब्द दिले. ते एकमेकांच्या आड येऊ शकतात, असा विचारही माझ्या मनात आला नाही.

नागपूरहून फुलचंद नावाचे गृहस्थ आले. वय पस्तीस, गळ्यात कॅमेरा, बोलण्यात आर्जव. मी त्यांना समोर बसवून सरळ विचारले, "चित्रफितीचा खर्च कशावर ठरतो?"

"ते अवलंबून असते, बाईसाहेब."

"कशावर?"

"पुष्कळ गोष्टींवर."

मी चाळीस वर्षे कपाशीच्या व्यवहारात वावरले आहे. "पुष्कळ गोष्टी" म्हणणारा माणूस भाव वाढविण्याच्या बेतात असतो. मी म्हणाले, "एकेक सांगा. मला घाई नाही." मला खरोखरच घाई नव्हती, उलट कुतूहल होते. कपाशीचा भाव मला धाग्याची लांबी पाहून सांगता येतो, तुरीचा दाणा दातांखाली धरून सांगता येतो. या वस्तूला कुठे हात लावून पाहावे, हे जाणून घ्यायची मला मनापासून इच्छा होती.

फुलचंदांनी सांगितले की फीत फुटावर मोजतात. तयार फुटाला आठ रुपये. दहा मिनिटांच्या चित्राला अडीचशे फूट. म्हणजे दोन हजार. शिवाय जाणे-येणे, माणसे, राहणे, जेवणखाण. आवाज हवा असेल तर खर्च दुप्पट.

"आवाज नको," मी म्हणाले. "आमचे मॅनेजर किसनराव लाउडस्पीकरवर बोलतील. त्यांचा आवाज लिलावात दारव्ह्यापर्यंत जातो."

"दिव्यांचे वेगळे. आणि दिवस वाढले तर..."

"वाढणार नाहीत. पुढे."

"आणि बाईसाहेब, अडीचशे फूट दाखवायचे तर साडेसातशे फूट काढावे लागते. त्यातले चांगले तेवढे ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. हेही त्या आठ रुपयांत धरले आहे."

हे ऐकताच माझी मुद्रा प्रसन्न झाली असावी. शंभर किलो कपाशी जिनातून काढली की तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. त्याला आम्ही उतारा म्हणतो. बाकीची सरकी, म्हणजे कपाशीचे बी. साडेसातशेला अडीचशे, म्हणजे अगदी आमचाच उतारा! इतका वेळ परका वाटणारा हा धंदा एकदम ओळखीचा झाला.

"आणि सरकी कोणाची?" मी विचारले.

"सरकी?"

"टाकून देता म्हणालात, ते. आमच्याकडे जो कपाशी आणतो, सरकी त्याची. जिनवाल्याने ठेवून घेतली तर त्याला चोर म्हणतात."

"बाईसाहेब, ते तुकडे कोणीच मागत नाही. उंदीरही खात नाहीत."

"मी मागते आहे. लिहा." आणि करारनाम्याच्या शेवटी मी स्वतः कलम घातले: *उतारा सोडून उरलेली सर्व फीत, म्हणजे सरकी, मालकाची राहील व ती वजन करून परत देण्यात येईल.* फुलचंदांनी माझ्याकडे किंचित कीव करून पाहिले आणि सही केली.

शेजारच्या विमलताईंना करार कळायला एक संध्याकाळ पुरली. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "काय वं मोठ्याबाई, तीन हजार? माह्या भाच्याकडं डबा-कॅमेरा हाये. चार आण्यात फोटू काढते. कायले फेकता पैसे?"

मी फुलचंदांना हाक मारली. "सेकंदाला किती फोटो?" "सोळा." "एका फुटात?" "चाळीस." मी तिथल्या तिथे हिशेब केला. अडीचशे फुटांत दहा हजार फोटो. भाच्याच्या भावाने अडीच हजार रुपये झाले असते. आम्हांला दोन हजारांत, म्हणजे वीस नव्या पैशांना एक पडत होता. विमलताईंनी बोटांवर काही तरी मोजून पाहिले. मग म्हणाल्या, "पन माहा भाचा वरून एक फ्रेम फुकट देते." शेजाऱ्याला हिशेबाने हरविता येते, हा माझा गैरसमज त्या दिवशी दूर झाला.

देवसिंगांनीही हा खर्च समजून घेतला. फूट, माणसे, दिवस, दिवे, सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "बाई, हे वजन आन कोस झाले. नाले किती हायेत, ते पाह्यलं काय?"

मी ते पाहिले नव्हते.

पहिला नाला जिनाच्या दारातच लागला. फुलचंदांनी मोठाले दिवे आणले होते. ते इतके तापत की त्यांवर पोळी भाजता यावी. विमा कंपनीचा माणूस धावत आला. कपाशीच्या जिनात जळती विडी नेणाऱ्याला आम्ही कामावरून काढतो. तिथे हे चार सूर्य! दिवे बंद. दिव्यांचे भाडे मात्र चालू.

"मग उजेड कुठून आणायचा?" फुलचंद हवालदिल झाले.

"वरून," किसनराव म्हणाले. "छपराची टिनं काढू. ऊन फुकटच हाये."

ऊन फुकट असेल, पण टिने काढायला परवानगी लागते, हे त्यांच्या ध्यानात नव्हते. संबंधित कचेरीत टिने काढण्याचा अर्जच नव्हता. होता तो "वादळाने छप्पर उडाल्याची वर्दी" हा. कारकुनाने सुचविले की तोच भरा. खोटे लिहिणे आमच्या घराण्यात नाही. मी तोच अर्ज घेतला आणि स्वच्छ अक्षरांत लिहिले: "छप्पर उडालेले नाही, संस्थेच्या ठरावानुसार उडविण्यात येत आहे." आठ दिवसांनी उत्तर आले: "वादळाची तारीख कळवावी." मी कळविले, "येत्या सोमवारी, सकाळी आठ वाजता." त्यावर काही उत्तर आले नाही, ते मी संमती समजले. आठ दिवस फुलचंद आणि त्यांची दोन माणसे सोसायटीच्या खर्चाने जेवत होती. फुलचंद जैन, कांदा नाही, लसूण नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही. त्यांच्या माणसांना मात्र चालत होते सगळेच, आणि दिवसातून चार वेळा.

सोमवारी टिने निघाली. जिनात सूर्यप्रकाश पडला. उकंडरावांच्या काळापासून त्या खोलीने तो पाहिला नव्हता. बायका जिनाच्या यंत्रात कपाशी घालू लागल्या, रुई उसळू लागली, फुलचंद "वाहवा" म्हणाले, आणि नेमका तेव्हा वारा सुटला. छपराखाली निमूट बसणारी रुई वर उठली, भिंतींवरून पलीकडे गेली आणि गावभर पसरली. मारुतीच्या देवळावर रुई, बसस्टँडवर रुई, आणि विमलताईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पाच पायल्या उडदाच्या पापडांवर तर अशी बसली की जणू पापडांना थंडी वाजत होती.

विमलताई एक पापड हातात घेऊन फॅक्टरीत आल्या. "हा पापड हाये की गादी?"

"भाजून पाहा," किसनराव म्हणाले.

"तुम्ही खाऊन पाहा!"

किसनरावांनी संस्थेच्या वतीने तो खाल्ला. दोन दिवस त्यांचा आवाज बसला, आणि लाउडस्पीकरचा माझा बेत धोक्यात आला. पापडांचे पंचेचाळीस रुपये भरून दिले. पावतीवर कारण काय लिहावे यावर अर्धा तास गेला. शेवटी "हवेमुळे" असे लिहिले.

नागपुरास धुऊन आलेली फीत पाहिली, तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेवरही रुई बसली होती असे दिसले. जिन दिसत नव्हते. धुके दिसत होते. त्या धुक्यात सात पागोटी तरंगत होती. ते आमचे संचालक. त्यांनी चित्रासाठी पांढरी शुभ्र धोतरे आणि पांढरे सदरे शिवून घेतले होते; मागे रुईचा ढीग होता; पागोट्यांखाली कोणीच नव्हते.

"माहं तोंड कुठं हाये?" भगवानरावांनी विचारले.

"रुईत गेले," फुलचंद म्हणाले.

पुन्हा काढावे लागले. या खेपेस संचालक काळे कोट घालून आले, आणि फेब्रुवारीच्या उन्हात एकेकाने तोंड वळवून, हात जोडून, कपाशी हातात धरून, ती नाकाजवळ नेऊन, अशा नाना मुद्रा केल्या. "मीच दोनदा काहून? भगवानराव तर चारदा आले," असे एकाने म्हटले. मग सगळे चारदा आले. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी शांत डोक्याने मी नाले मोजले. दिवे, कचेरी, वारा, आणि सात संचालक. एकूण दहा. फूट आणि माणसे यांनी खर्च ठरतो हे खरे. पण तो वाढतो, ते ज्यांना चित्रात यायचे असते त्यांच्यामुळे. हा शोध मी फुलचंदांना सांगितला. ते म्हणाले, "बाईसाहेब, हे आम्हांला ठाऊक असते. आम्ही त्यालाच 'पुष्कळ गोष्टी' म्हणतो."

शेवटच्या दिवशी देवसिंग आले. त्यांच्या मागे तांड्याच्या सहा बैलजोड्या, शिंगांना रंग, गळ्यांत घुंगरांच्या माळा. देवसिंगांच्या हातात बापाची काठी होती, डोक्याला बापाचे पागोटे. अंगणात जुना बॉयलर पडून आहे. आता तेलाचे इंजिन आले, त्याचे काम संपले. देवसिंग त्याच्या जवळून, एक हात त्याच्या गंजलेल्या पोटावर ठेवून, बैलांसोबत चालत गेले. कॅमेऱ्याकडे त्यांनी पाहिले नाही. पुन्हा करायला सांगावे लागले नाही. वीस फूट लागले. साऱ्या चित्रात एका पैशाचाही नाला नसलेला एवढा एकच प्रसंग.

"झालं काय?" त्यांनी विचारले.

"झाले," फुलचंद म्हणाले.

"साठ वर्सं लागले, आन झालं बी," देवसिंग म्हणाले. मी चहा मागविला. त्यांनी हात आडवा केला. "पाह्यल्यावर पेईन, बाई."

मार्चअखेर फुलचंदांचे पत्र आले. चित्र जोडून पाहता तीस फूट जास्त भरते. ठेवायचे तर दोनशे चाळीस रुपये वर पडतील. काढायचे तर काय काढावे ते कळवावे. आतापर्यंतचा खर्च दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव झाला होता. मी खूप विचार केला. भगवानरावांचे तोंड चारदा आहे, ते दोनदा झाले तर सहकाराची हानी नाही. पण नाव घेऊन लिहिले, तर तारघरातून ते गावभर होणार. म्हणून मी मोठ्या चतुराईने तार केली: "जे काम करताना दिसत नाहीत ते काढा." आपण फार मुत्सद्दी आहोत, असे त्या दिवशी मला वाटले. मुत्सद्देगिरीचा हा अनुभव आला की माणसाने एक दिवस घरात बसून राहावे, असे माझे आता मत झाले आहे.

एप्रिलमध्ये, सगळी रुई गाठी बांधून गेल्यावर, रिकाम्या गोदामात भर दुपारी दारे लावून, फटींना पोती कोंबून, प्रदर्शनाला नेण्याआधी चित्र सभासदांना दाखविले. आत दोनशे सभासद आणि वर तापलेली टिने. पहिल्या ओळीत खुर्चीवर मी. माझ्या शेजारी देवसिंग आणि त्यांच्या पत्नी रुपीबाई. रुपीबाईंनी आरशांची फेटिया, म्हणजे तांड्याचा घागरा, आणि हातभर बांगड्या घातल्या होत्या. तांडा मुद्दाम आला होता.

पडदा उजळला. किसनराव लाउडस्पीकरवर गर्जू लागले. कपाशी आली, बायका आल्या, जिन आले, भगवानराव आले. पुन्हा भगवानराव आले. सात संचालक काळ्या कोटात, हात जोडून, कपाशीचा वास घेत, एकामागून एक गेले. मग रुईच्या गाठी, मग ट्रक, मग पांढरा पडदा.

देवसिंग आले नाहीत.

फुलचंदांच्या दृष्टीने संचालक हात हलवीत होते, म्हणजे काम करीत होते. देवसिंग नुसते चालत होते.

देवसिंगांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही. पडद्याकडेच पाहत हळूच म्हणाले, "यंदाही काच नाई पुरली काय, बाई?"

उकंडराव, संपतराव, पुंडलिकराव. तिघांच्या तसबिरी त्या गोदामात नव्हत्या. पण ते तिघे माझ्या खुर्चीमागे उभे आहेत, असे मला वाटले. आणि मी चौथी. त्यांनी निदान विसरून केले होते. मी तारेचे पैसे भरून केले.

मी उठले. "फुलचंद, सरकी कुठे आहे?"

"काय, बाईसाहेब?"

"सरकी. कराराचे शेवटचे कलम."

त्यांनी खुर्चीखालून पत्र्याचा एक डबा काढला. ते तो खरोखरच घेऊन आले होते. माझ्या हातात देऊन एकदा हसावे, असा त्यांचा विचार असावा. "ही घ्या. काट्यावर घातली, तर काटा हललासुद्धा नाही."

"ती पडद्यावर लावा."

"हे पाचशे फुटांचे तुकडे आहेत. जोडायला तास लागेल, यंत्र पुन्हा चालवावे लागेल. बारा रुपये वर पडतील."

भगवानराव लगेच उभे राहिले. "दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव झाले, मोठ्याबाई. बारा टाकले तर तीन हजार दहा. तुमचा शब्द..." ते माझ्या खुर्चीकडे पाहत होते. खुर्चीही, मला वाटते, त्यांच्याकडे पाहत होती.

"बसा, भगवानराव," मी म्हणाले. "ते चित्र सोसायटीचे होते, सोसायटीच्या पैशांत झाले. हे देणे सोसायटीचे नाही. हे माझ्या घरचे आहे." मी कनवटीला खोचलेली चंची काढली आणि बारा रुपये मोजून फुलचंदांच्या हातावर ठेवले. भगवानराव बसले.

तासाभराने पडदा पुन्हा उजळला. किसनरावांना काय बोलावे सुचेना, म्हणून त्यांनी लाउडस्पीकर बंद केला, आणि तेच बरे झाले. सरकीत काय नव्हते! भगवानराव नाकातली रुई काढीत होते. एक संचालक कोटाची गुंडी लावताना दुसऱ्याच्या कोटाला लावून बसले होते. विमलताई पापड नाचवीत आल्या आणि किसनरावांनी तो खाल्ला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दोनशे माणसांनी त्या तापलेल्या गोदामात असा हशा केला की वरची टिने थरथरली. "रुईपरीस सरकीच बरी हाये," मागून कोणी म्हणाले. आणि भगवानरावही हसले; कोणी पाहत नाही असे समजून, पण हसले.

मग बैल आले. हशा थांबला. काठी टेकीत देवसिंग आले, बापाचे पागोटे घालून, बॉयलरावर हात ठेवून. पडद्यावर माणूस मोठा दिसतो. चेहरा नीट ओळखू येत नव्हता. पागोटे, काठी आणि चाल तेवढी दिसत होती.

रुपीबाई पुढे वाकल्या. "याडी, माय वं! अस्सा चालते काय हा बुढा?"

"मी नाई तो," देवसिंग म्हणाले. त्यांचा आवाज बारा वर्षांच्या पोराचा झाला होता. "बाप हाये. असाच चालत होता बेंबळेत."

वीस फूट संपायला वेळ लागत नाही. दारे उघडली, ऊन आत आले. लोक बाहेर पडले. फुलचंदांनी तेवढा तुकडा सोडवून माझ्या हातात दिला. मी तो देवसिंगांपुढे धरला. "हे घ्या. यात आठशे फोटो आहेत. साठ वर्षांचे व्याज धरा."

देवसिंगांनी फीत उन्हासमोर धरली, डोळा बारीक करून बराच वेळ चाळली. आठशे लहान लहान माणसे आठशे लहान लहान बॉयलरांजवळून चालत होती. शेवटी एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवले, माझ्या पानाच्या डब्यातला अडकित्ता मागून घेतला, आणि टक्‌कन एक चौकोन कापला. नखाएवढा. वीस नव्या पैशांचा. तो त्यांनी तंबाखूच्या डबीत ठेवला आणि बाकीची फीत गुंडाळून माझ्या हातात परत दिली.

"आणि ही?" मी विचारले.

"ते तुमची सरकी. आमचा एकच फोटू बाकी होता. एकच तं नाला होता, बाई." त्यांनी डबी बंद करून बंडीच्या खिशात टाकली. "फिटलं."

मग ते खुर्चीवर टेकले, काठी गुडघ्यांत धरली आणि किसनरावांकडे पाहून म्हणाले, "कायले पाह्यता? चहा सांगा."

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला आणि फुंकर न घालता, गरमच्या गरम, शेवटच्या थेंबापर्यंत ते प्यायले.